काडेपेटीतल्या काड्या नाचल्या आणि लोकांनी विश्वास ठेवला, फाळकेंच्या ॲनिमेशनची ही गोष्ट माहितीये का?

कार्टून बघताना काही प्रश्न प्रत्येकाला पडलेले असतात. टॉमच्या डोक्यावर अख्खा पियानो पडतो, त्याची पार चपाती होते, मग पुढच्या सीनमध्ये तो ठणठणीत कसा? डोरेमॉनच्या खिशात जगातलं प्रत्येक यंत्र आहे, तरी नोबिता दर एपिसोडला त्याच खड्ड्यात का पडतो? या प्रश्नांवर मीम बनतात, कमेंटमध्ये भांडणं होतात.

आता भंडारा जिल्ह्यात या. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. दंडारीत बाईचं काम पुरुषानेच करायचं ही जुनी रीत. सकाळी धानाच्या बांधीत दिसलेला ओळखीचा गडी रात्री लुगडं नेसून राणी होतो आणि समोर बसलेल्या बाया त्याच्या दुःखावर डोळे पुसतात. हा तर आपला शेजारी, असं म्हणून कुणी उठून जात नाही.

म्हणजे लोकांना लॉजिक लागतं, पण ते रोजच्या व्यवहारातलं नाही, तर गोष्टीच्या आतलं. भारतात पडद्यावर हे गणित सगळ्यात आधी जमवलं ते धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांनी. पहिला सिनेमा बनवणारा माणूस म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. पण निर्जीव वस्तूंना पडद्यावर चालायला लावण्याची सुरुवातही आपल्याकडे त्यांनीच केली होती.

फाळकेचा झाला केल्फा

फाळकेंचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं बरंच काही शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. पण प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं आणि सगळं विस्कटलं.

पुढे त्यांची गाठ कार्ल हर्ट्झ नावाच्या जादूगाराशी पडली. त्याच्याकडून ते हातचलाखी शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. जादूगाराला एक गोष्ट पक्की माहीत असते. समोरच्याला हे खोटं आहे हे ठाऊक असतं, तरीही त्याला फसायचं असतं. फाळकेंच्या सिनेमाचा पाया हाच ठरला.

मधल्या काळात पुरातत्त्व खात्यात नोकरी झाली, लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम झालं, स्वतःचा छापखाना झाला, तो भागीदारांशी पटेना म्हणून सुटला.

मग आला एप्रिल 1911. गिरगावातल्या एका तंबूतल्या थिएटरात फाळके थोरल्या मुलाला घेऊन गेले आणि पडद्यावर हलणारे प्राणी बघून आले. घरी येऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी अख्ख्या घराला घेऊन गेले. ईस्टर असल्याने त्या दिवशी येशूच्या जीवनावरचा सिनेमा लागला होता. येशूच्या जागी राम आणि कृष्ण दिसले तर काय होईल, हा विचार फाळकेंच्या डोक्यात बसला तो तिथेच.

वाटाण्याचं रोप आणि एक न जुळणारा हिशोब

पुढचे काही महिने फाळके सिनेमे बघत आणि प्रयोग करत राहिले. झोप नाही, सतत डोळ्यांवर ताण. शेवटी दिसणंच जवळपास बंद झालं. उपचारांनी नजर परत आली. मग त्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडन गाठलं. तिथे तंत्र शिकून, विल्यमसन कॅमेरा मागवून एप्रिलमध्ये परत आले.

आता प्रश्न पैशांचा. ज्याने सिनेमा कसा बनतो हे पाहिलेलंच नाही, तो पैसे का लावेल? फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत गेले. पडद्यावर बी फुटलं, कोंब आला, वेल वर चढली. 'अंकुराची वाढ' ही ती छोटी फिल्म. ती बघून पैसे लावणारा मिळाला.

या फिल्मची गोष्ट बऱ्याच ठिकाणी अशी सांगतात की फाळके महिनाभर रोज फक्त एक फ्रेम घेत होते. इथे जरा थांबून हिशोब करा. मूकपटात सेकंदाला साधारण 16 फ्रेम लागायच्या. रोज एक धरली तर महिन्याच्या 30 फ्रेम, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाही. मिनिटभराच्या फिल्मला 960 फ्रेम हव्यात, म्हणजे महिनाभर रोज 32. दिवसातून एकदा कॅमेऱ्याचं हँडल फिरवून हे होण्यासारखं नव्हतं, त्यासाठी सतत कुंडीजवळ ठाण मांडून बसावं लागणार. दंतकथेतल्यापेक्षा खरी मेहनत कितीतरी जास्त होती.

राजा राज्य का देतो?

3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. बायको सरस्वतीबाईंनी दागिने दिले होते. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाक हेही त्यांनी सांभाळलं. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

आजच्या नजरेने बघितलं तर हरिश्चंद्र कोड्यात टाकणारं पात्र आहे. कुणी सहज राज्य देऊन टाकतं का? फाळकेंनी कारण आधी दाखवलं. शिकारीला गेलेल्या राजाला बायकांचा आक्रोश ऐकू येतो, तो तीन शक्तींना सोडवतो आणि विश्वामित्राचा यज्ञ मोडतो. चूक राजाकडून झाली, तीही दयेपोटी, म्हणून भरपाई त्यालाच करावी लागते. एवढं पटलं की पुढचं सगळं पटतं.

1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. या कथेत दोघं बहुतेक वेळ दूर असतात, त्यामुळे ते निभावलं. थिएटरात राम दिसला की लोक चपला काढायचे, असं सांगितलं जातं.

'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर उडतं. ही नुसती ट्रिक नव्हती. कंसाला आतून वाटणारी भीती फाळके दाखवत होते. तो इतका क्रूर का वागतो, याचं उत्तर त्या एका शॉटमध्ये मिळतं.

'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी आणखी धाडस केलं. कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. सिनेमा सुरू होताच ती मुलगी म्हणूनच समोर येते, चेहऱ्यावरचे हावभाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. गुपित आधीच फोडलं, तरी लोकांनी कृष्णच पाहिला.

आणि त्या काड्या

1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. पैसा आटला. मोठा सिनेमा उभा करणं अवघड झालं, तेव्हा फाळके छोट्या फिल्मकडे वळले. फ्रान्समध्ये एमिल कोलने 1908 मध्ये काडेपेटीतल्या काड्या पडद्यावर चालवल्या होत्या. फाळकेंनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली. काडी जराशी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. नट नको, पोशाख नको, सेट नको. खिसा रिकामा असलेल्या माणसाला परवडेल असाच हा सिनेमा होता, लागणार होता तो फक्त धीर.

पुढे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भागीदारांशी खटके उडाले, फाळके सगळं सोडून काशीला गेले, परत आले. पुढे बोलपट आला. 1937 चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले, तेव्हा सिनेमावाले त्यांना जवळपास विसरले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला 1969 उजाडलं.

'राजा हरिश्चंद्र'चं आज पहिलं आणि शेवटचं रीळच उरलंय. 'आगकाड्यांची मौज' तर बघायलाच मिळत नाही. त्या काड्या कुठे निघाल्या होत्या, कशासाठी नाचत होत्या, त्यांची गोष्ट काय होती, हे विचारायला आता आपल्याकडे फिल्मच नाही. टॉमच्या पियानोवर निदान भांडता तरी येतं.