रुप्याची नाणी आणि भाऊ दाजींचा शिष्य

सिल्वासाजवळच्या अथाल गावावरून दमणगंगा वाहते. या नदीचे नाव नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने दमण, पार, तापी, डहाणूची खाडी अशा पाण्यांवर वाटसरूंसाठी फुकट नावा ठेवल्या, असे तो लेख सांगतो. अथालच्या पुलावरून जाताना मला त्या नावांची आठवण होते, आणि त्यांच्यामागोमाग पंडित भगवानलाल इंद्रजींची.

पंडितजी मूळ जुनागढचे, जन्म १८३९ चा. गिरनारच्या पायथ्याचा कोरीव खडक घराशेजारचाच. त्यावरच्या जुन्या लिपीचा नाद त्यांना पोरवयातच लागला. इंग्रजी विद्या बेताची. १८६१ साली फोर्ब्ससाहेबांच्या शिफारशीने ते मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ गोव्याकडचे, नामांकित डॉक्टर. पोथ्या, ताम्रपट आणि नाणी यांचे त्यांना विलक्षण वेड. पंडितजींनी रानोमाळ हिंडून ठसे घ्यावेत, अक्षरे लावावीत आणि निबंध भाऊंच्या नावाने सभेत वाचला जावा, असे बरीच वर्षे चालले. माझे वडील दरबारचे गवई. मागे बसून सूर धरणाऱ्याचे नाव पुकारीत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहत आलो. ते रास्त आहे, असे मला कधीच वाटले नाही.

पंडितजींचा खरा जीव क्षत्रपांच्या रुप्याच्या नाण्यांत. त्या काळी रोमचे सोन्यारुप्याचे दिनार भडोचच्या बंदरात उतरत आणि इथल्या नाण्यांशी बदलून घेण्यात नफा होई, असे एका ग्रीक प्रवासवृत्तात नमूद आहे. क्षत्रपांचे नाणे मात्र चिमुकले, वजनाने सुमारे दोन ग्रॅम. पुढे राजाचे मस्तक आणि कडेने ग्रीक अक्षरे. ती पुढे पुढे इतकी बिघडली की नुसती नक्षी उरली. चष्टनाच्या वंशजांनी पाठीमागे स्वतःबरोबर बापाचेही नाव घातले आणि कालांतराने मस्तकामागे शकवर्षही. रोमच्या बादशहांची वंशावळ ग्रंथांतून मिळते, यांची मिळाली ती या टिकल्यांवरून! त्यासाठी आकडे वाचता आले पाहिजेत. जुन्या अंकचिन्हांवर पंडितजींनी १८७७ साली स्वतःच्या नावाने निबंध छापला.

भाऊ १८७४ साली वारले होते. पुढे सोपाऱ्याचा स्तूप पंडितजींनी १८८२ साली उकरला. नाशिकच्या लेण्यांवरचे त्यांचे लेखन मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात आले. हॉलंडातील लायडन विद्यापीठाने डॉक्टर ही पदवी दिली. १८८८ च्या मार्चमध्ये ते निवर्तले, तेव्हा क्षत्रपांवरचा निबंध अपुराच होता. रॅप्सन यांनी तो नीट लावून १८९० साली लंडनला प्रसिद्ध केला.

नाणी त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली; मला विचाराल तर ती मुंबईतच राहावयास हवी होती. पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला दिल्या, आणि इच्छा अशी की त्या भाऊंच्या संग्रहाशेजारी ठेवाव्यात व वर आपण भाऊ दाजींचे शिष्य असल्याचे लिहावे. कोणी याला नम्रता म्हणतील. मला त्यात हिशेबही दिसतो: शिष्य म्हणवून घेतले, पण स्वतःच्या नावासकट.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर रुप्याची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. पंडितजींना जाऊन तोवर अठरा वर्षे झाली होती.