जेबीएल म्हणजे कोण?

आमच्या दिघाशीत हळदीला डीजेच्या खोक्यांवर ‘जेबीएल’ वाचतच मोठा झालो. ते एका माणसाचं नाव आहे, हे हॉस्टेलला आल्यावर कळलं.

जेम्स बी. लान्सिंग, मूळ आडनाव मार्टिनी. जन्म 1902, अमेरिका. 1927 मध्ये स्पीकरचा कारखाना काढला. 1941 मध्ये तो आल्टेककडे गेला. 1946 मध्ये पुन्हा नवी सुरुवात! त्यांच्या 15 इंची डी-130 ला चक्क 4 इंची व्हॉइस कॉइल आणि दमदार मॅग्नेट. थोड्या वॅटमध्येही तबल्याची थाप खणखणीत. पण कंपनी कर्जात असतानाच 1949 मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

मित्रांनो, नावाची पट्टी कुणीही चिकटवतं. घरासाठी जुने स्पीकर घेताना कोन हलक्या हाताने दाबून बघा, कॉइल घासते का. लान्सिंगचं आयुष्य तिथे खर्ची पडलं.