मेरी मॅकार्थर

ज्यांच्या श्रमावर आपलें सुख उभें असतें, त्यांच्या पोटाची चिंता आपण कितीशी वाहतों? हीच चिंता जिनें जन्मभर वाहिली, त्या स्त्रीचें हें अल्प चरित्र आहे.

मेरीचा जन्म १३ ऑगस्ट १८८० रोजीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. वडिलांचें कापडाचें दुकान होतें. तेथें ती हिशेब लिहीत असे. १९०१ सालच्या सुमारास दुकानांतील नोकरांच्या संघाच्या एका सभेस ती केवळ वृत्तांत लिहिण्याच्या हेतूनें गेली. परंतु तेथें ऐकलेल्या हकीकतींनीं तिचें मन पालटलें. पुढें १९०६ सालीं तिनें स्त्री-कामगारांचा राष्ट्रीय संघ स्थापन केला.

त्या काळीं इंग्लंडांतील क्रॅडली हीथ येथें शेंकडों स्त्रिया घरामागील लहान भट्ट्यांपाशीं लोखंडी साखळ्या घडवीत. मुलेंही तेथेंच धुरांत वाढत. आठवडाभर घण मारून सुमारें ५ शिलिंग हातीं पडत. १९०९ सालच्या कायद्यान्वयें नेमलेल्या मंडळानें तासाला अडीच पेन्स, म्हणजे ५४ तासांच्या आठवड्यास सुमारें ११ शिलिंग, असा किमान दर ठरविला. तथापि कित्येक मालकांनीं कायद्यांतील मुदतीचा आधार घेऊन, ‘हा दर तूर्त नको’ अशा अर्थाच्या कागदांवर स्त्रियांच्या सह्या घेण्यास आरंभ केला. पुष्कळ जणींना अक्षरओळखही नव्हती! ज्यांनीं सही नाकारली, त्यांचें काम बंद झालें.

मेरी त्यांच्या साहाय्यास धांवून गेली. १९१० सालीं सुमारें ८०० स्त्रियांनीं दहा आठवडे उपासमारीस तोंड दिलें. मेरीनें सभा, वर्तमानपत्रें व चलच्चित्रें यांच्या द्वारें त्यांची स्थिति देशापुढें मांडली. जवळजवळ ४,००० पौंडांचा निधि जमला. अखेर २२ ऑक्टोबर रोजीं शेवटच्या मालकानेंही नवा दर मान्य केला. उरलेल्या निधींतून कामगारांसाठीं एक सभागृह बांधण्यांत आलें. तें १९१२ सालीं उघडलें.

१ जानेवारी १९२१ रोजीं, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, ही साध्वी कर्करोगानें निवर्तली. आपल्या देशांत किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीं झाला.

द्राक्षमळ्याच्या धन्यानें उशिरां आलेल्या मजुरासही दिवसाची पुरी मजुरी दिली, हा प्रभूचा दाखला आपण शाळेंत ऐकतों. परंतु आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई, आपली गल्ली झाडणारा मनुष्य, यांच्या मजुरींत त्यांच्या लेंकरांचें पोट भरतें काय, हें आज घरीं गेल्यावर आपण आईबापांस विचारूं या.