नॉयट्रा आणि वाळवंटातील घर

बाल्कनीला काचा लावायच्या आणि पुढे तिचीच खोली करून टाकायची, हा प्रकार मुंबई-पुण्याला नवा नाही. कॅलिफोर्नियातील एका जगप्रसिद्ध घराच्या वाट्यालाही असेच काहीसे आले. रिचर्ड नॉयट्रा या वास्तुविशारदाने रचलेले ते घर.

नॉयट्रा यांचा जन्म १८९२ मध्ये व्हिएन्नात झाला. वास्तूवरील नक्षीकामाचे कडवे विरोधक अडॉल्फ लूस यांच्या विचारांचा ठसा त्यांच्यावर उमटला. बर्लिनमध्ये उमेदवारी केल्यावर १९२३ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली, फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे काही काळ काम केले आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये बस्तान बसविले. तेथील पोलादी सांगाड्याच्या ‘लव्हेल हाऊस’ने १९२९ मध्ये त्यांचे नाव सर्वदूर पोहोचविले. वास्तूचा माणसाच्या शरीर-मनावर थेट परिणाम होतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच आराखड्याआधी ते मालकांच्या दैनंदिन सवयींची बारीक चौकशी करीत.

पिट्सबर्गचे बडे व्यापारी एडगर कॉफमन यांनी राइट यांच्याकडून धबधब्यावरचे ‘फॉलिंगवॉटर’ बांधून घेतले होते. पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटातील हिवाळी घरासाठी मात्र त्यांनी नॉयट्रा यांना निवडले. १९४६ मध्ये ते पूर्ण झाले. चार दिशांना पसरलेल्या भुजा आणि सरकत्या काचेच्या भिंती. त्या बाजूला केल्या, की दिवाणखाना थेट उघड्यावर येई. पूर्ण दुसरा मजला नियमांत बसत नव्हता. नॉयट्रा यांनी गच्चीवर धातूच्या उभ्या पट्ट्यांच्या आडोशाला मोकळी बैठक काढली. ज्युलियस शुलमन यांनी १९४७ मध्ये संधिप्रकाशात टिपलेल्या छायाचित्राने हे घर जगभर पोहोचले.

१९५५ मध्ये कॉफमन वारले. पुढच्या मालकांनी अंगण बंदिस्त केले, शयनगृहांना फुलाफुलांचे वॉलपेपर चिकटविले, छपरावर वातानुकूलन यंत्रे चढविली. सुमारे ३,२०० चौरस फुटांचे घर ५,१०० चौरस फुटांवर गेले. त्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. एका कुटुंबाच्या सवयी विचारून, तेही हिवाळ्यापुरते बांधलेले घर दुसऱ्यांना जसेच्या तसे कसे मानवणार? तरीही अंगण बुजविले, तेव्हा त्या घराचा प्राणच गेला, असे वाटते.

नॉयट्रा १९७० मध्ये जर्मनीत वुपरटाल येथे निवर्तले. घराचा जीर्णोद्धार त्यांना पाहता आला नाही. १९९० च्या दशकात नव्या मालकांनी ते काम मार्मोल आणि रॅडझिनर या वास्तुविशारदांकडे सोपविले. शुलमन यांच्या संग्रहातील कधीही न छापलेली छायाचित्रे पुढ्यात ठेवून वाढीव बांधकाम उतरविण्यात आले. भिंतींच्या दगडाशी जुळणारा दगड मिळावा, म्हणून यूटामधील एका खाणीचा बंद पडलेला भाग पुन्हा उघडावा लागला.