सायकलच्या दुकानातून किर्लोस्करवाडीपर्यंत

कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न इंजिनचाच असतो. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर किती सेकंदांत? स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ बघणाऱ्यांना तर हे आकडे तोंडपाठ असतात. टायर कुठले आहेत, हे मात्र फार कमी जण विचारतात. खरं तर चारशे-पाचशे हॉर्सपॉवरची ताकद रस्त्यापर्यंत पोचते ती चार टायरच्या तेवढ्याच भागातून, जो त्या क्षणी जमिनीला टेकलेला असतो. हा भाग प्रत्येक टायरला साधारण आपल्या पंजाएवढा असतो. तिथे पकड सुटली, की बाकीची सगळी ताकद फुकट.

टायरच्या कडेला लिहिलेली अक्षरं एकदा वाचून बघा. २२५/४५ आर १७ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, रेडियल बांधणी आणि १७ इंचांची रिम. शेवटचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३०० किलोमीटर. पण नुसतं मोठं अक्षर बघून टायर घेणारा फसतो. रेसच्या ट्रॅकसाठी बनवलेला मऊ रबराचा, कमी खाचांचा टायर कोरड्या ट्रॅकवर चिकटून चालतो. तोच टायर जुलैमध्ये यवतेश्वरच्या घाटातून कासकडे निघाला, तर पाणी बाहेर काढायला खाचाच पुरेशा नसल्यानं घसरतो. बुटक्या कडेचा टायर वळणावर झकास वागतो, पण मोठ्या खड्ड्यात दणका थेट रिमला बसतो. म्हणजे ‘सगळ्यात भारी टायर’ असं काही नसतंच. गाडी कोणती, रस्ता कोणता, पाऊस किती, हे ठरलं की मग टायर ठरतो.

हा नियम आपल्या सातारा-सांगली भागात सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसानं स्वतःच्या पैशानं आणि घामानं शिकून घेतला. त्यांनी सुरुवात चाकांपासूनच केली होती. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. किर्लोस्करवाडी स्टेशनवरून आपल्यातले कित्येक जण रोज ये-जा करतात. पण या नावामागचा माणूस बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींएवढाच माहीत असतो.

रंग दिसेनात, रेषा दिसल्या

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलानं शिकावं ही घरची साधी अपेक्षा, पण पोराचं मन शाळेच्या पुस्तकात रमेना. त्याला ओढ दोनच गोष्टींची होती, चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे एक विचित्र अडचण समोर आली. त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगांधळेपणा आहे हे समजणं म्हणजे आजच्या भाषेत करिअर संपल्यातच जमा. लक्ष्मणरावांनी घरची वाट धरली नाही. रंगांची चित्रकला सुटली, तेव्हा त्यांनी यांत्रिक आरेखनाकडे मोर्चा वळवला. तिथे काम रेषांचं आणि मापांचं असतं, रंगांवाचून काही अडत नाही. त्यात ते इतके तयार झाले की मुंबईच्या नव्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना शिकवण्याची नोकरी लागली. शिकवायचं दिवसा आणि उरलेल्या वेळात कारखान्यात जाऊन यंत्रं हाताळायची, असा त्यांचा क्रम होता. पुस्तकातलं यंत्र आणि हातातलं यंत्र वेगळं असतं, हे त्यांना तिथेच उमगलं.

बेळगावातलं सायकलचं दुकान

त्या काळात मुंबईच्या रस्त्यावर सायकल हे नवलाचं वाहन होतं. लक्ष्मणरावांनी ती पाहिली, चालवायला शिकले आणि त्यात धंदा आहे हे हेरलं. १८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ नावानं सायकलचं दुकान सुरू झालं. व्यवस्था अगदी सुटसुटीत होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवणार आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकणार. नुसत्या विकणार नाहीत, तर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवणार, आणि शिकवण्याची फी वेगळी. सायकल तेव्हा साहेब लोकांचं आणि श्रीमंतांचं वाहन होतं. ती घेणाऱ्याला आधी तोल सांभाळायला शिकवलं नाही, तर दुसरं गिऱ्हाईक येणार कुठून?

याच १८८८ साली तिकडे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. आपल्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर धडधडते म्हणून त्यानं तिच्या चाकांना रबराची हवा भरलेली नळी बसवली होती. तोवर सायकलींना भरीव रबराच्या धावा असायच्या. रस्त्यातला प्रत्येक दगड थेट कमरेत जाणवायचा. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतीत हवेच्या टायरवाला सायकलस्वार जिंकला आणि चाकांचा धंदाच पालटला. सायकल तीच, माणूसही तोच, पण जमिनीला टेकणारा भाग बदलल्यावर वेग आणि आराम दोन्ही वाढले. सायकलच्या धंद्यात असलेल्या किर्लोस्करांच्या डोळ्यांसमोर हा सगळा बदल घडत होता.

दुकान चालत होतं, मुंबईची नोकरीही चालू होती. पण नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. पक्क्या पगाराची, प्रतिष्ठेची नोकरी सोडून सायकलच्या दुकानात परत येणं तेव्हाच्या लोकांना शहाणपणाचं वाटलं असेल असं नाही. शिवाय लक्ष्मणरावांना जन्मभर दुसऱ्यांचा माल विकायचा नव्हता. स्वतः काहीतरी घडवायचं होतं.

चाळीस नांगर, दोन वर्षं

पहिलं यंत्र होतं कडबा कापायचं. त्यानंतर त्यांचं लक्ष गेलं शेतकऱ्याच्या नांगराकडे. आपल्याकडचा लाकडी नांगर माती उकरायचा, पण पालथी घालायचा नाही. हरळी-कुंद्यासारख्या तणांची मुळं खालीच राहायची आणि पुढच्या पावसाला पुन्हा वर यायची. विलायती लोखंडी नांगर माती खोलवर कापून उलटी पाडायचा. लक्ष्मणरावांनी तसा नांगर बेळगावात बनवायचं ठरवलं. १९०३ च्या सुमारास त्यांचे पहिले चाळीस लोखंडी नांगर तयार झाले.

आणि ते विकलेच जाईनात.

लोखंडानं जमीन नासते, मातीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. बाप-आजापासून ज्या लाकडी नांगरानं पीक दिलं, तो टाकून हे जड काळं धूड कशाला घ्यायचं? ते चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली. जरा विचार करा. ना मोठं भांडवल, ना बँकेचा आधार. लोखंडात, कोळशात, मजुरीत पैसा अडकलेला आणि माल तसाच पडून. आज एखाद्याचं स्टार्टअप सहा महिन्यांत चाललं नाही तर आपण त्याला वेड्यात काढतो. इथे तर दोन वर्षं गेली.

या दोन वर्षांत शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण शेतकऱ्याची शंका उडवून लावण्यासारखी नव्हती. त्याचं सगळं वर्ष त्या एका नांगरटीवर उभं असतं. प्रयोग फसला तर उपाशी तोच राहणार, कारखानदार नव्हे. त्यामुळे नांगराची परीक्षा शेतातच व्हायची होती. काळ्या चिकट रानात तो कसा चालतो, बैलांना किती ओढ लागते, फाळ किती दिवसांत झिजतो, झिजल्यावर नवा मिळतो का, हे प्रश्न खरे होते. फाळ म्हणजे नांगराचा टायरच समजा. जमिनीशी गाठ त्याची पडते, झिजतो तो, बदलावा लागतो तोही. मुरमाड माळ आणि कृष्णाकाठची काळी कसदार जमीन त्याला सारखी वागणूक देत नाहीत. एकदा काही शेतकऱ्यांनी नांगर वापरला आणि त्यांच्या रानात मुळासकट तण निघालेलं शेजाऱ्यांनी पाहिलं, तेव्हा हळूहळू मागणी सुरू झाली.

निवडुंगाचा माळ

धंद्याला जरा बरे दिवस येतात न येतात, तोच जागेचं संकट उभं राहिलं. बेळगावात नगरपालिकेला नवी वस्ती वसवायची होती आणि कारखान्याला जागा सोडावी लागणार होती. मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि स्वतः चित्रकार असलेल्या या राजानं लक्ष्मणरावांना औंधच्या यमाईच्या देवळातल्या सभामंडपाचं काम दिलं होतं. त्यांनी संस्थानात हवी ती जागा घ्या असं सांगितलं आणि कारखान्यासाठी १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्जही दिलं.

आता इथे लक्ष्मणरावांनी कुठली जागा निवडली ते बघा. राजधानीचं औंध, राजवाड्याची सावली, सुपीक रान, काहीही मागता आलं असतं. त्यांनी निवडला पुणे-मिरज लोहमार्गावरच्या कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा ओसाड माळ. तिथे निवडुंग माजलेला, पाण्याची बोंब आणि नागांचा सुळसुळाट. बघणाऱ्याला ती जागा टाकाऊच वाटावी. पण कारखान्याला लोखंड आणि कोळसा बाहेरून आणायचा होता, तयार नांगर बाहेर पाठवायचे होते, आणि आगगाडी तिथेच थांबत होती. चांगली जागा आणि आपल्या कामाला चांगली जागा यातला फरक त्यांना बरोबर कळला होता.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी वसायला सुरुवात झाली. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं एवढ्यांनीच सुरुवात केली. निवडुंग तोडायचा, राहायला झोपड्या उभ्या करायच्या आणि कारखानाही उभारायचा, सगळं एकदमच. रामूअण्णांनी वसाहतीचं आणि आरोग्याचं काम बघितलं, तर शंभोराव जांभेकरांसारख्या सहकाऱ्यांनी यंत्रं सांभाळली. लक्ष्मणराव माणसं निवडताना पदव्या फारशा बघत नसत, हात बघत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीचं काम दिलं आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. वसाहतीत शिवाशिवीला थारा द्यायचा नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात, आपल्या भागात, हे बोलायलाही धाडस लागत होतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाला. देशी नांगरांची मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ झाला. तोही काळ निभावला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही रीतसर मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतूनच लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे ‘शंवाकि’, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. तिचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप असा माल निघू लागला. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत इंजिनिअरिंग शिकून १९२६ मध्ये परतला आणि त्यानं पुढे डिझेल इंजिनांचा पसारा वाढवला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांनी वसवलेला औंध संस्थानातला माळ स्वातंत्र्यानंतर दक्षिण सातारा जिल्ह्यात आला, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. औंध साताऱ्यात राहिलं. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्यानं लक्ष्मणरावांचं तिकीट काढलं.

आपण यातून काय घ्यायचं?

लक्ष्मणराव यशस्वी उद्योगपती होते एवढं सांगून थांबलं, तर त्यांच्या आयुष्यातला कामाचा भाग निसटतो. रंग दिसत नव्हते, म्हणून त्यांनी रेषा धरली. सायकल विकायची, तर आधी चालवायला शिकवलं. नांगर खपेना, तरी पुस्तकातला नव्हे, रानातला निकाल मानला. कारखान्याला सुंदर जागा नको होती, रेल्वेजवळची हवी होती. प्रत्येक वेळी त्यांनी आधी जमीन बघितली आणि मग चाक निवडलं.

आपल्यापैकी अनेक जण सध्या कोर्स, शहर, कंपनी निवडण्याच्या गडबडीत आहेत. सगळ्यात मोठं नाव, सगळ्यात मोठं पॅकेज, सगळ्यात भारी स्पेसिफिकेशन. मित्रानं घेतलं म्हणून आपणही घेतलं. ते वाईट असतं असं नाही, पण ते आपल्या रस्त्यासाठी बनलंय का, हे तपासायचं राहून जातं. दोन वर्षं माल पडून राहिला तरी टिकून राहायची तयारी आहे का, हेही स्वतःला विचारायचं राहून जातं.

पुढच्या वेळी पुण्याहून मिरजेकडे जाताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबली, की एकदा खिडकीतून बाहेर बघा. इथे एकेकाळी निवडुंग होता. आणि गाडीला नवे टायर घालायची वेळ आली, की दुकानदाराला सगळ्यात महागडा कोणता, हे विचारण्याआधी आपण पावसाळ्यात कुठल्या घाटातून जातो, ते सांगा.