समतोलाचा शोधक : रोबेर्ट बारानी

कान हे केवळ श्रवणाचे इंद्रिय, ही समजूत अर्धीच खरी आहे. अंतःकर्णात शंखाकृती श्रवणभागाला लागूनच परस्परांशी जवळजवळ काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मस्तक वळले की त्यांतील द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, संवेदनशील पेशींवरील सूक्ष्म केस वाकतात आणि त्या हालचालीची वार्ता मेंदूस पोचते. एर्न्स्ट माख, योझेफ ब्रॉयर प्रभृतींनी १८७३ ते १८७५ या काळात ही उपपत्ती मांडली होती. मात्र दोहोंपैकी कोणता कान बिघडला आहे, हे रोग्याच्या बाबतीत ओळखण्याचा सुलभ मार्ग वैद्यांपाशी नव्हता. तो रोबेर्ट बारानी यांनी दाखविला.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. बालपणी अस्थिक्षयाने त्यांचा एक गुडघा कायमचा ताठरला. तरी गिर्यारोहण आणि टेनिस त्यांनी सोडले नाही. १९०० मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन ते पुढे व्हिएन्नातील कर्णरोग-चिकित्सालयात काम करू लागले. कान धुताना रोग्यांना घेरी येते, हा तेथील नित्याचा अनुभव होता. एकाने पाणी फार थंड असल्याची तक्रार केली, तेव्हा बारानी यांनी ऊन पाणी वापरले. घेरी आलीच, पण डोळ्यांची झटकेदार हालचाल या वेळी उलट दिशेने झाली! उष्णतेने नलिकेतील द्रव वर चढतो, थंडीने खाली उतरतो, असा अर्थ त्यांनी लावला. मस्तकाची स्थिती उलटी केल्यास हालचालीची दिशाही पालटते, हे पाहून त्यास पुष्टी मिळाली. १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीमुळे प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासता येऊ लागला.

पहिल्या महायुद्धात ते स्वेच्छेने शल्यचिकित्सक म्हणून प्शेमिश्लच्या किल्ल्यात गेले. मार्च १९१५ मध्ये किल्ला पडला आणि ते रशियनांचे युद्धकैदी झाले. मध्य आशियातील मर्व्ह येथील बंदिवासातच त्यांना १९१४ च्या नोबेल पारितोषिकाचे वृत्त कळले. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये सुटका झाली. परंतु व्हिएन्नात सत्काराऐवजी आरोप वाट्यास आला: इतरांचे ऋण त्यांनी पुरेसे मान्य केले नाही, असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते. उपपत्ती पूर्वसूरींची होती, हे खरेच. पण नित्य दिसणाऱ्या घेरीला प्रश्न विचारण्याची दृष्टी बारानींचीच होती. व्यथित होऊन ते १९१७ मध्ये उप्साला येथे गेले, तेथे प्राध्यापक झाले आणि ८ एप्रिल १९३६ रोजी तेथेच निवर्तले.

१९८३ मध्ये अंतराळयानातील प्रयोगांत, द्रव वर-खाली होण्यास वाव नसतानाही ही नेत्रहालचाल आढळली. अर्थात बारानी यांचे स्पष्टीकरण अपुरे ठरले. चाचणी मात्र टिकली. घेरीच्या रोग्याचा कान आजही ऊन-थंड प्रवाहाने तपासला जातो.