बहिणाबाई चौधरी

जळगाव शहराजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तेथे १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, एका शेतकरी घरात बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी महाजन व आईचे भिमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

बहिणाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. शेवटपर्यंत त्यांना लिहिता-वाचता आले नाही. शेतात निंदणी करावी, कापूस वेचावा, घरी येऊन चूल पेटवावी, जात्यावर दळण दळावे, असे त्यांचे दिवस जात. जात्याचा खुंटा हाती आला की ओठांवर ओवी येई. दळतानाची गाणी उर्दूलाही परकी नाहीत बरे! सूफी संतांचे दखनी भाषेतले ‘चक्कीनामे’ स्त्रिया दळताना म्हणत. पण ते चक्कीनामे कोणीतरी लिहून ठेवले होते. बहिणाबाईंजवळ ना कागद, ना कलम.

तिशीतच त्यांना वैधव्य आले. काशी, ओंकार आणि सोपान या तीन मुलांचा भार त्यांच्यावर पडला. त्या कष्ट करीत राहिल्या, गातही राहिल्या.

मनावर मोठमोठ्या विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. बहिणाबाईंनी त्याला उभ्या पिकात शिरणारे ओढाळ गुरू म्हटले. कितीही हाकला, ते पुन्हा तेथेच येते. ज्याने शेत राखले आहे त्याला आणखी काही समजावून सांगावे लागत नाही. संसारालाही त्यांनी चुलीवरच्या तव्याची उपमा दिली; आधी हाताला चटका, मग भाकरी. हे सारे आपल्या खानदेशी बोलीत आहे. पुस्तकात वाचताना ती अवघड वाटली, तर मोठ्याने वाचून पाहा. बाजारात ऐकलेले शब्द लगेच ओळखू येतील.

मुलगा सोपानदेव पुढे कवी झाला. त्याने आणि त्याचा मावसभाऊ पीतांबर चौधरी याने ही गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचतच ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे थक्क झाले. ही गाणी छापलीच पाहिजेत, असा त्यांनी आग्रह धरला आणि स्वतः प्रस्तावना लिहिली. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.

दोघा भावांनी जेवढी गाणी टिपली, तेवढीच आज आपल्याजवळ आहेत. बाकीची जात्याच्या घरघरीत विरून गेली.